वगळण्याचं कारण

काटेमास्तरांना आपल्या एकुलत्या एका मुलावर सूड उगवायचा होता, आणि तोही स्वतः मेल्यानंतर. जिवंतपणी भांडून काय साधतं? दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी पुन्हा चहा. त्यापेक्षा आपण गेल्यावर कपाट उघडावं, कागद वाचावा आणि चिरंजीवांच्या तोंडचं पाणी पळावं, अशी मास्तरांची योजना होती. चार वर्षं ती बिनबोभाट चालली होती.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. ते तराजू दुरुस्त करायचे. किराणावाल्याचा पितळी तराजू, सोनाराचा काचेच्या पेटीतला नाजूक काटा, भंगारवाल्याचा पोती मोजायचा वजनकाटा, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. रुंद रस्त्यावर कोपऱ्याचं दुकान, लोखंडी शटर, आत एक लांब टेबल आणि टेबलाच्या त्या बाजूला मास्तर, डोळ्याला भिंग लावून. पंचेचाळीस वर्षं त्यांनी लोकांना एकच गोष्ट ऐकवली होती. काटा आज बरोबर आहे म्हणून उद्या बरोबर असेल असं धरून चालू नका. कायद्यानेसुद्धा काट्यावरचा सरकारी शिक्का वर्षभरच चालायचा. वर्ष संपलं की पुन्हा तपासणी, पुन्हा शिक्का. गिऱ्हाईक कुरकुर करायचं, काटा तर ठीक चाललाय म्हणायचं. मास्तर म्हणायचे, ते तुला वाटतंय.

मृत्युपत्राच्या बाबतीतही त्यांनी हाच नियम ठेवला. लोक एकदा मृत्युपत्र करतात, कपाटात टाकतात आणि विसरतात. मधल्या काळात माणसं मरतात, जन्मतात, घरं विकली जातात, आणि कागद आपला जुन्याच जगाबद्दल बोलत राहतो. मास्तर दर वर्षी ठरलेल्या तारखेला वकीलबाईंकडे जायचे, एकेक ओळ तपासायचे आणि नव्याने सही करायचे. तारीख बायकोच्या मृत्यूची होती. तो मुहूर्त त्यांनी मुद्दाम निवडला होता, डूख ताजा राहावा म्हणून.

आता हा डूख कसला, तेही सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी मास्तरांच्या बायकोला हॉस्पिटलात ठेवलं. नऊ दिवस ती तिथे होती. मास्तर सकाळी दुकान उघडायच्या आधी जायचे आणि संध्याकाळी बंद केल्यावर जायचे. नेमके शिक्क्यांचे दिवस होते, वजनमाप खात्याचा निरीक्षक त्यांच्याच दुकानात बसून सगळ्या पेठेचे काटे तपासत होता, त्यामुळे दिवसा दुकान उघडं ठेवणं भागच होतं. त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. मास्तरांनाही नाही. बायको मात्र रोज संध्याकाळी विचारायची, "आला का तो?" आणि वॉर्डातली आया मास्तरांच्या आधी उत्तर द्यायची, की येतील उद्या. मास्तर रोज मुलाला फोन करायचे. मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटा राहायचा आणि विमा कचेरीत नोकरी करायचा. तो सांगायचा, रजा मिळत नाही, साहेब ऐकत नाहीत. नवव्या दिवशी दुपारी तीन वाजता ती गेली. हात आयाच्या हातात होता. फोन आल्यावर मास्तर दुकानातून निघाले, पण पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

एवढ्यावर सूड उभा राहिला नसता. रजा नाही म्हणजे नाही, नोकरदार माणूस करणार काय, असं म्हणून मास्तर गप्प बसले होते. पण सहा महिन्यांनी त्याच विमा कचेरीचा टपाल मोजायचा काटा दुरुस्तीला आला. तो घेऊन आलेला कारकून बोलका होता. मास्तर कोणाचे वडील हे कळल्यावर तो हळहळला. म्हणाला, फार वाईट झालं हो, बिचाऱ्याने नव्या घरात सामान हलवायला नऊ दिवसांची रजा काढली आणि त्याच रजेत आई गेली. मास्तरांनी काटा घेतला, पावती दिली, शुक्रवारी या म्हणून सांगितलं. कारकून गेल्यावर त्यांनी भर दुपारी शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी ते वकीलबाईंच्या पायऱ्या चढले.

वकीलबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एकच सल्ला दिला. पोटच्या मुलाला वगळायचं असेल तर वगळण्याचं कारण स्पष्ट लिहा, नाहीतर तो कोर्टात जाईल आणि म्हातारा भ्रमिष्ट होता म्हणेल. हा सल्ला ऐकून मास्तरांना पहिल्यांदाच बरं वाटलं. कारण लिहायचं! म्हणजे जे तोंडावर बोलता आलं नाही ते सगळं, सहीशिक्क्यानिशी, दोन साक्षीदारांसमोर! पहिल्या वर्षीचं कारण दीड पानाचं झालं. त्यात नालायक हा शब्द तीनदा होता. दुसऱ्या वर्षी मास्तरांनी शिव्या काढून टाकल्या, कारण शिव्यांनी वजन कमी होतं हे त्यांच्या लक्षात आलं. तिसऱ्या वर्षी, कानस फिरवावी तसं घासून घासून, त्यांनी ते तीन वाक्यांवर आणलं. ती तीन वाक्यं त्यांना पाठ होती. कधीकधी काम करता करता ते ती मनातल्या मनात म्हणायचे आणि त्यांचा हात जास्त स्थिर चालायचा.

आणि या सगळ्या काळात चिरंजीव काय करत होते? सेवा. आई गेल्यापासून पोरगं सुधारलंच म्हणायचं. दर रविवारी यायचा. गळकं छप्पर त्याने दुरुस्त करून घेतलं, घराला रंग काढला, मास्तरांच्या गुडघ्यासाठी डॉक्टर शोधला. मास्तर ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. उलट म्हणायचे, कर बाबा कर, शेवटी घर कोणाचं आहे. मुलगा शिडीवर चढून छताला रंग द्यायचा आणि मास्तर खाली खुर्चीत बसून बघायचे. हे छत तुझ्या डोक्यावर कधी येणार नाही, असं मनात म्हणताना त्यांना जी मजा वाटायची तशी आयुष्यात दुसऱ्या कशातच वाटली नव्हती. मृत्युपत्राच्या तारखेलाही मुलगाच त्यांना गाडीतून वकीलबाईंकडे न्यायचा आणि खाली गाडीत बसून राहायचा. वर आपलाच पत्ता कापला जातोय आणि खाली आपणच गाडी सावलीत लावून वाट बघतोय, हे त्याला कुठे ठाऊक होतं!

पण सूड हे प्रकरण वाटतं तितकं सोपं नसतं. मुलाला द्यायचं नाही हे ठरलं, मग द्यायचं कोणाला? पहिल्या वर्षी मास्तरांनी सगळं, म्हणजे घर, दुकान आणि अवजारं, त्या आयाच्या नावावर केलं. शेवटी हात धरला तो तिने. दुसऱ्या वर्षी, सवयीप्रमाणे तपासणी म्हणून, ते हॉस्पिटलात चौकशीला गेले, तर ती दोन महिन्यांपूर्वीच वारली होती. तिला मागेपुढे कोणी नव्हतं. वकीलबाईंनी समजावलं, की आपल्याआधी वारस मेला तर त्याला दिलेलं परत येतं आणि कायद्याने थेट मुलाला मिळतं. दोन महिने आपला सूड उघडा पडला होता! त्या दोन महिन्यांत आपण गेलो असतो तर? त्या दिवशी त्यांना दर वर्षीच्या तपासणीचं महत्त्व नव्याने पटलं.

मग त्यांनी सगळं धाकट्या मेहुणीच्या नावावर केलं. बायकोची ही बहीण दोन रात्री हॉस्पिटलात बसली होती. मेहुणीला या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही असं बजावून मास्तरांनी गोष्ट तिच्या कानावर घातली. तिने डोळ्याला पदर लावला. दोन वर्षं ठीक गेली. यंदा मात्र तारखेच्या आठ दिवस आधी ती सहज म्हणून आली आणि सहजच बोलून गेली, की तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मास्तरांच्या मुलानेच नेलं, आणलं, पंधरा दिवस रोज थेंब घालायला आला. पोटच्या पोरानेही एवढं केलं नसतं. म्हणून तिनेही मृत्युपत्र केलंय.

"माझं जे काही आहे ते सगळं त्यालाच ठेवलंय, भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्याकडून येईल तेसुद्धा. तुम्ही रागावणार नाही ना?"

मास्तर रागावले नाहीत. तोंडात मारल्यासारखे बसून राहिले. म्हणजे चार वर्षं सगळा आटापिटा करून घर फिरून फिरून चिरंजीवांच्याच पदरात पडणार होतं. मेहुणी गेल्यावर त्यांनी वकीलबाईंना फोन केला आणि जुनं मृत्युपत्र रद्द करायला सांगितलं. बाईंनी तसा कागद पाठवला, मास्तरांनी शेजारच्या दोन दुकानदारांसमोर त्यावर सही केली. नवं तारखेला करू म्हणाले. बाईंनी स्पष्ट सांगितलं, की नवं होईपर्यंत मृत्युपत्र नाही असंच समजा, म्हणजे सगळं मुलाचं. ते आठ दिवस मास्तरांनी रस्ता ओलांडताना चारचारदा दोन्हीकडे बघितलं.

ठरल्या दिवशी मुलाने गाडी काढली. वकीलबाईंची कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती आणि त्या दिवशी लिफ्ट बंद होती. मास्तरांचा गुडघा जिना चढण्यातला राहिला नव्हता. मुलाने त्यांचा एक हात खांद्यावर घेतला, दुसऱ्या हाताने कंबरेला धरलं आणि तीन मजले चढवलं. मधे दोनदा थांबून त्यांना पाणी पाजलं. आपल्याला वारसाहक्कातून काढून टाकायला बापाला खांद्यावरून वर नेणारा मुलगा जगात हा एकच असेल, असं मास्तरांना वाटलं आणि धाप लागलेली असतानाही हसू आलं. मुलगा बाहेरच्या बाकावर बसला. मास्तर आत गेले.

आत कागद तयार होता. मजकूर सगळा तोच, फक्त नावाची जागा कोरी. वकीलबाईंनी विचारलं, कोणाचं नाव घालू? मास्तरांनी आठ दिवस याच एका गोष्टीचा विचार केला होता आणि त्यांना उत्तर सापडलं नव्हतं. शेजारचा चष्मेवाला बरा होता, पण त्याचीही मुलाशी गट्टी. दुकानदारांची संघटना होती, पण तिच्या अध्यक्षाचं आणि मास्तरांचं वीस वर्षं वाकडं. हॉस्पिटलला द्या, बाई म्हणाल्या. ज्या इमारतीत बायको गेली तिथे जन्मभराची कमाई ओतायची मास्तरांना इच्छा नव्हती. असं करत करत जगातली सगळी माणसं संपली.

आणि त्याच वेळी मास्तरांच्या मनात बरेच दिवस सलत असलेली गोष्ट वर आली. कागद वाचला जाईल तेव्हा आपण नसू. चिरंजीवांचं तोंड कसं होतं ते आपल्याला कधीच दिसणार नाही. एवढी मेहनत करून मुख्य खेळच चुकणार! आज तो दाराबाहेर बसलाय. नाव काय, नंतरही घालता येईल. कारण तर तयार आहे.

त्यांनी बाईंना सांगितलं, त्याला आत बोलवा आणि कारणाचा परिच्छेद त्याच्यासमोर मोठ्याने वाचा. बाईंनी नाखुशी दाखवली, असं करायची पद्धत नाही म्हणाल्या. मास्तर म्हणाले, पद्धत आजपासून पाडा.

मुलगा आत आला, उभाच राहिला. वडिलांना काही त्रास होतोय की काय, असं त्याला वाटलं असावं. वकीलबाईंनी चष्मा लावला आणि वाचलं.

"माझी पत्नी नऊ दिवस मरणाच्या दारात असताना माझा मुलगा रजेवर असूनही तिला भेटायला आला नाही. शेवटच्या क्षणी तिचा हात धरायला घरचं कोणीही नव्हतं. या कारणासाठी मी त्याला माझ्या सर्व मालमत्तेतून वगळत आहे."

मास्तर मुलाच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता दिसणार होतं. मुलाचा चेहरा पांढरा पडला, हे खरं. पण पुढे काहीच झालं नाही. त्याने आरडाओरडा केला नाही, पाय धरले नाहीत. तो खुर्ची ओढून बसला आणि हातांकडे बघत राहिला.

"रजा होती," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. जुनी जागा सोडायची होती, सामान पडलं होतं, आणि हॉस्पिटलची मला भीती वाटत होती. आज आवरू, उद्या जाऊ, असं करत राहिलो. तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे, बाबा."

मास्तरांनी मान हलवली. इथवर सगळं त्यांच्या मनासारखं चाललं होतं.

"फक्त एक सांगतो," मुलगा म्हणाला. "सामानाचा टेम्पो रोज तुमच्या दुकानावरून जायचा. दिवसाला एखादी खेप. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेला असायचो. दुकान उघडं दिसायचं. तुम्ही आत डोळ्याला भिंग लावून बसलेले दिसायचात. फोनवर तुम्ही एवढंच म्हणायचात, आई विचारते. मी म्हणायचो, बाबा दुकानात काम करतायत, म्हणजे आई बरी असणार. तिचं काही कमीजास्त असतं तर बाबा दुकानात बसले असते का? ती गेली त्या रात्री मला फोन लावायची तुम्हाला हिंमत झाली नसेल. मला कोणी कळवलंच नाही. दहाव्या दिवशी सकाळी दुकान बंद दिसलं, तेव्हा मला कळलं."

मुलगा उठला. जिन्याने उतरायला वेळ लागेल, तेवढ्यात गाडी दारापाशी आणून ठेवतो म्हणाला आणि परत येतो म्हणून निघून गेला. त्याच्या पावलांचा आवाज जिन्यावर बराच वेळ येत राहिला.

मास्तरांना मुलाचा इतका राग यापूर्वी कधी आला नव्हता. कारकुनाने सांगितलं त्या दिवशीही नाही. नऊ दिवस न येणं एकवेळ पोटात घालता आलं असतं, पण टेम्पोत बसून दुकानात डोकावणं आणि वर ते चार वर्षं पोटात ठेवणं, हे माफ करण्यासारखं नव्हतं. त्यांनी बाईंकडे पेन मागितलं. कोणाचंही नाव घाला, म्हणाले. रस्त्यावरून जाणाऱ्या पहिल्या माणसाचं घाला, पण आज याला वगळल्याशिवाय मी उठणार नाही. बाई म्हणाल्या, असं कोणाचंही नाव घालता येत नाही, मास्तर, नाव नक्की लागतं. आणि सही करण्याआधी मजकूर एकदा नीट ऐकून घ्या, नियम आहे.

"वाचा," मास्तर म्हणाले.

बाईंनी पुन्हा वाचलं. पहिलं वाक्य मास्तरांनी त्यांच्याबरोबर ओठांनी म्हटलं. दुसऱ्या वाक्यावर त्यांचे ओठ थांबले. हे वाक्य त्यांनी दुसऱ्या वर्षी घातलं होतं आणि तिन्हींत त्यांचं सर्वांत आवडतं तेच होतं. बाई तिसऱ्याकडे वळल्या तेव्हा त्यांनी हात वर केला.

"ते मधलं परत वाचा."

"शेवटच्या क्षणी तिचा हात धरायला घरचं कोणीही नव्हतं."

मास्तर पेनाचं टोपण लावत होते आणि काढत होते. निरीक्षक त्या दुपारी तीन वाजता सोनाराच्या काट्यावर शिक्का मारत होता. तो काटा मास्तरांनी त्याच्यासमोर धरला होता. तो चार दिवसांनीही धरता आला असता. सोनाराने तर सकाळीच म्हटलं होतं, वहिनी आजारी आहेत, माझं राहू द्या. मास्तर म्हणाले होते, काम म्हणजे काम. हे त्यांना आठवत नव्हतं असं नाही. चार वर्षांत हे त्यांनी एकदाही तपासायला काढलं नव्हतं, एवढंच.

"बाई, तिच्या घरची माणसं किती?" त्यांनी विचारलं.

वकीलबाईंनी कागद चाळला. "पत्नीच्या पश्चात तुम्ही आणि मुलगा. दोघंच."

"मग दोघांनाही वगळा."

बाईंनी चष्मा काढला. समजुतीच्या स्वरात त्यांनी सांगितलं, की मालमत्ता मास्तरांची स्वतःची आहे, माणसाला स्वतःच्या मालमत्तेतून वगळायची कायद्यात सोय नाही, आणि आज सही झाली नाही तर सगळं मुलाकडे जाईल हे त्यांनी लक्षात घ्यावं. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग पेन टेबलावर ठेवलं आणि कागद बाईंकडे सरकवला.

"सोय नाही कशी?" ते म्हणाले. "कारण तर लिहिलेलंच आहे."